मेगा ड्राइव्हमध्ये ६८०१०: पी१० रुसला होता कशावर?

सेगाच्या मेगा ड्राइव्ह या गेम कन्सोलमधला मूळ ६८००० प्रोसेसर काढून मी ६८०१०चा पी१०, म्हणजे १० मेगाहर्ट्झचा प्रकार, बसवला आणि त्याचं क्लॉक (प्रोसेसरला ताल देणारा सिग्नल) वाढवलं. १०.६४ मेगाहर्ट्झवर मशीन अखेर टिकली! काल संध्याकाळभर चालू होती, एकदाही गोठली नाही. सोनिकच्या पहिल्या भागात भरपूर रिंगा गोळा करून मुद्दाम काट्यांवर उडी मारली. रिंगा उधळल्या, पण खेळ एरवीसारखा रेंगाळला नाही. गाण्यांचा सूरही जागच्या जागी, कारण आवाजाची चिप वायएम२६१२ अजून मूळ ७.६०वरच आहे. प्रोसेसरची १५ नंबरची क्लॉक पिन सॉकेटबाहेर वळवायचा खटाटोप त्यासाठीच केला होता. नवं क्लॉक थेट जुन्या ट्रॅकवर सोडलं तर गाणी चिरकणारच.

मागच्या वेळी १० मेगाहर्ट्झच्या सुट्या ऑसिलेटरवर (क्लॉक देणाऱ्या वेगळ्या भागावर) गाडी अडली होती. सगळं सुरळीत चालायचं आणि मध्येच चित्र थिजायचं. माझा अंदाज असा, की डीटॅक (डेटाची देवघेव झाल्याचं प्रोसेसरला कळवणारा सिग्नल) आणि बसची, म्हणजे डेटाच्या तारांवरची, देवघेव मशीनच्या मास्टर क्लॉकच्या तालावर आणि प्रोसेसर स्वतःच्याच तालावर, त्यामुळे कधीतरी दोघांची चुकामूक होते. मग क्लॉक मास्टरपासूनच काढायचं ठरवलं. पॅल टीव्ही पद्धतीच्या मशीनचा मास्टर ५३.२० मेगाहर्ट्झ. मूळ मशीनमध्ये त्याला ७ने भागलंय, मी ५ने भागणार. १६१ काउंटरला (ठोके मोजणाऱ्या चिपला) ११ ते १५ मोजायला लावलं आणि तिच्या क्यूबी या आउटपुटवरून क्लॉक उचललं. इथे या चिपचा वेगवान ७४एफ किंवा ७४एसी प्रकारच हवा. लॅमिंग्टन रोडला एसी मागितला की ‘एकच आहे हो’ म्हणत एचसी हातात ठेवतात. एकच नाही! एचसी ५३ मेगाहर्ट्झला मान टाकतो.

एवढं करून बटण दाबलं तर काळा पडदा. सुटा ऑसिलेटर निदान पहिल्या लेव्हलपर्यंत न्यायचा, हे तर त्याहून वाईट. सीआरओवर (सिग्नलची लाट दाखवणाऱ्या यंत्रावर) फ्रीक्वेन्सी अचूक. क्लॉकच्या वायरमध्ये ३३ ओहमचा रेझिस्टर टाकला, पिनजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, वायर आखूड केली. ढिम्म. मग संशय चिपवरच गेला, कारण या विक्रेत्याच्या चिपांवरची अक्षरं जरा जास्तच ताजी दिसतात. अॅसिटोनचा बोळा फिरवला, शाई हलली नाही. तरी खात्री म्हणून फ्लॅश कार्टवर (स्वतःचा प्रोग्रॅम भरता येणाऱ्या कार्ट्रिजवर) चार ओळींचा प्रोग्रॅम टाकला: ६८०००मध्ये नसलेल्या मूव्हसी या इन्स्ट्रक्शनने व्हीबीआर हा रजिस्टर वाचायचा, जमलं तर पडदा हिरवा, इल्लीगल इन्स्ट्रक्शन आली तर लाल. मूळ ७.६०वर हिरवागार. म्हणजे ६८०१० अस्सल होता.

उत्तर डेटाशीटच्या एसी (सिग्नलच्या वेळांच्या) टेबलात होतं. पी१०ला पल्स किमान ४५ नॅनोसेकंद लागते, हायही आणि लोही. ५ने भागलेलं क्लॉक मास्टरचे तीन ठोके हाय आणि दोनच ठोके लो राहतं. एक ठोका १८.८ नॅनोसेकंदांचा, म्हणजे लो जेमतेम ३७.६. सीआरओवर मी इतका वेळ फ्रीक्वेन्सीचा आकडा बघत होतो, तिरकी ४०/६० लाट समोरच होती. १२.५ मेगाहर्ट्झच्या पी१२ला ३५ पुरतात, त्याने हेच क्लॉक मुकाट्याने घेतलं असतं.

उपाय दोन चिपांचा. क्यूबी एका ७४ फ्लिपफ्लॉपमधून उलट्या क्लॉकने अर्धा ठोका मागे सरकवला आणि मूळ सिग्नलशी अँड केला, म्हणजे दोन्ही हाय असतील तेवढाच वेळ हाय. आता अडीच हाय, अडीच लो, दोन्हीकडे ४७ नॅनोसेकंद. काठावर पास! १०.६४ हे पी१०च्या मापाबाहेरच आहे, पण तेवढं तो सोसतोय.

सॉकेटचं थोडक्यात: ०.९ इंची ६४ पिनांचं कुठेच मिळालं नाही. राउंड पिन स्ट्रिपचे ३२-३२चे दोन तुकडे लावले, उत्तम बसले.

पण आता ६८०१० ठेवावा का, असाच प्रश्न पडलाय. त्याच्या लूप मोडचा (छोटा लूप मेमरीतून पुन्हा न वाचता फिरवण्याचा) फायदा फक्त एका शब्दाची इन्स्ट्रक्शन आणि डीबीआरएसारखी मागे उडी मारणारी इन्स्ट्रक्शन अशा चिमुकल्या लूपना, आणि ग्राफिक्सची मोठी ओझी तर डीएमए (प्रोसेसरविना डेटा हलवणारी सोय) वाहतो. उलट जो खेळ स्टॅकवर हाताने एसआर आणि पीसी (प्रोसेसरची स्थिती आणि पुढचा पत्ता) ठेवून आरटीई, म्हणजे इंटरप्टमधून परतण्याची इन्स्ट्रक्शन, वापरतो, तो ६८०१०वर फॉर्मॅट एररने आपटू शकतो, कारण इथे फ्रेम तीन नव्हे, चार शब्दांची. खरी गंमत वेगातच आहे. तेव्हा व्हीबीआरचे बेत बाजूला. १६ मेगाहर्ट्झचा एचसी००० (६८०००ची सीमॉस आवृत्ती) शोधतोय. तो तापतही कमी.

आणि हे लिहिता लिहिता सुचलं: एचसी०००ला ४ने भागलेलं १३.३० देता येईल. ड्यूटी (हाय-लोचं प्रमाण) आपोआप ५०/५०, फ्लिपफ्लॉपची कटकटच नाही. फक्त बस सायकल (मेमरीशी एका देवघेवीचा वेळ) ५२६ नॅनोसेकंदांवरून ३०१वर येईल, जुन्या कार्टचे रॉम तिथे कुरकुरतील. कोणाचं मेगा ड्राइव्ह मॉडेल १ तेरा मेगाहर्ट्झवर नीट चालत असेल तर डीटॅक लांबवलंत की तसंच सोडलंत, तेवढं सांगा.