साइटवरची बाई आणि ढगळ हातमोजे
बांधकामाच्या साइटवर बाई म्हटलं की लोकांना डोक्यावर घमेलं घेतलेलीच दिसते, हातात थापी असलेली नाही. माल कालवून, वाहून तिला गिलाव्याचं सगळं तोंडपाठ असतं पण मिस्त्री व्हायचं म्हटलं की तिला कोण विचारतंय! (तिकडे न्यूयॉर्कमध्ये एमिली रोबलिंग या बाईने इंजिनियर नवरा आजारी पडल्यावर ब्रुकलिन ब्रिजचं काम सांभाळलं, १८८३ ला पूल सुरूही झाला, असो.) माझा खरा राग सेफ्टीच्या सामानावर आहे, हातमोजे पुरुषी मापाचे, बोटांची टोकं रिकामी लोंबतात, ग्रिप येणार कुठून? उंचावर काम करताना अंगाला बांधतात त्या हार्नेसचे पट्टे मांडीला सैल राहिले तर पडताना त्यातून निसटायला होतं, ही काय नखऱ्याची तक्रार नाहीये. आणि धड टॉयलेट नसतं म्हणून बाया भर उन्हात पाणीच पीत नाहीत, मग लघवीचं इन्फेक्शन आलंच.