मर्सेन शोध, पावसाळी नोंद: पी-१ आटोपलं, पीआरपी सुरू

मर्सेन संख्या म्हणजे २^प − १ या रूपाची संख्या; त्यातल्या मूळ संख्यांचा हा शोध. फोंड्याच्या मशीनवर पी-१ चा टप्पा (ज्यातून १ वजा केला की सगळे लहान मूळ तुकडेच मिळतात, असे अवयव शोधणं) अवयव न सापडता संपला. घातांक २^१३६२७९८४१ − १ च्याच पट्ट्यातला. (ही ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाली.)

पी-१ गाळू नका, अवयव सापडला तर पुढची लांब चाचणी वाचते. घातांक 'प' असेल तर मर्सेन संख्येचा प्रत्येक मूळ अवयव २कप + १ याच रूपाचा असतो, आणि त्याला ८ ने भागलं की १ किंवा ७ उरतात. २^६७ − १ घ्या. मर्सेनने १६४४ मध्ये तिला मूळ म्हटलं, गणितज्ञ ल्यूकाने १८७६ मध्ये ती संयुक्त ठरवली, पण अवयव गणितज्ञ कोलने १९०३ मध्ये दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. पहिल्याचा क १४४५५८०, म्हणजेच ४ × २७ × ५ × २६७७. सगळे तुकडे लहान, त्यामुळे पी-१ ला बी१ = ३० (तुकड्यांची मर्यादा), बी२ = ३००० (सगळ्यात मोठ्या एका तुकड्याची मर्यादा) एवढ्यातच तो सापडतो. काय सुंदर अवयव आहे हा!

आता पीआरपी, म्हणजे संख्या बहुधा मूळ आहे का ते पाहणारी चाचणी. ३ पासून सुरुवात, दर पायरीला वर्ग करून मर्सेन संख्येने भागायचं आणि बाकी पुढे न्यायची, असं प वेळा. संख्या मूळ असेल तर शेवटी ९ उरायलाच हवेत.

वीज गेली तर फारसं बिघडत नाही, शेवटच्या सेव्हपासून काम पुढे चालतं. हे काम करणाऱ्या प्राइम९५ प्रोग्रॅममध्ये सेव्हचं अंतर मुळात ३० मिनिटांचं असतं, पावसाळ्यात ते १० वर आणा. खरा धोका तापलेल्या रॅमचा. एक बिट उलटला की पुढची प्रत्येक बाकी चुकते आणि वरून काहीच कळत नाही. इथे गर्बिझ तपासणी कामाला येते: दर हजाराव्या बाकीचा गुणाकार जमवत जायचा, दर दहा लाख वर्गांनंतर तो पडताळायचा, जुळला नाही तर शेवटच्या पडताळलेल्या जागी परत. खर्च जेमतेम ०.२ टक्के. चूक पुन्हापुन्हा दिसली तर आधी रॅमचं ओव्हरक्लॉकिंग काढा, मग हीटसिंक साफ करा. दमट हवेत धूळ तिथे थापून बसते.

वेग हवा असेल तर एकाच वर्करला (प्रोग्रॅममधल्या एका चालू कामाला) सगळे कोअर द्या. एवढ्या घातांकाला सुमारे ६० एमबी डेटा सतत फिरतो, तो कॅशेत मावत नाही, म्हणून रॅमची एक काडी असेल तर जोडीची दुसरी लावा.

प्रूफ म्हणजे चाचणी बरोबर झाल्याचा, दुसऱ्याला झटपट तपासता येणारा पुरावा. त्याची पॉवर ८ ठेवली आहे. त्यासाठी २^८ = २५६ बाक्या साठतात, प्रत्येकी १७ एमबी, म्हणजे साधारण ४.४ जीबी. डिस्क साफ करणाऱ्या ॲपला तो फोल्डर दाखवूच नका, फाइल उडाली की प्रूफ बनत नाही आणि मग अख्खी चाचणी दुसऱ्या कुणाला तरी पुन्हा करावी लागते. प्रूफ मिळालं तर पडताळणाऱ्याला फक्त ५.३ लाख वर्ग पुरतात. तयार फाइल सुमारे १५३ एमबीची होईल. अपलोडची वेळ रात्रीची लावून ठेवली आहे.