रायफल ठाण्याहून दिंडोरीला: कागदाचे दोन महिने, रस्त्याचे चार तास

मार्ग: घोडबंदर रोड, माजिवडा, भिवंडी बायपास, पडघा, शहापूर, कसारा घाट, इगतपुरी, नाशिक, दिंडोरी. अंतर साधारण पावणेदोनशे किलोमीटर. सामान: पॉइंट ३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास) एक बोल्ट अ‍ॅक्शन रायफल, म्हणजे काडतूस आत ढकलणारा दांडा, बोल्ट, हाताने मागेपुढे करायचा. विकणारा ठाण्यातला, घेणारा दिंडोरी तालुक्यातला द्राक्षबागायतदार. दोघेही परवानाधारक, दुकानदार कोणीच नाही.

सगळे आधी एकच विचारतात, कुरिअरने का नाही पाठवायची? कारण कुरिअरवाल्याकडे परवाना नसतो. शस्त्र कायदा १९५९ च्या कलम ३ ला नुसत्या मालकीशी देणंघेणं नाही. शस्त्र जवळ बाळगायला आणि घेऊन फिरायलाही परवाना लागतो. पार्सल भिवंडीच्या गोदामात रात्रभर पडलं, तर ती रात्र कोणाच्या परवान्यावर धरायची? ‘खेळाचं साहित्य’ म्हणून पावती फाडणं हा तर आपल्याच हाताने तयार केलेला पुरावा. काही हुशार लोक नळी एका खोक्यात, बोल्ट दुसऱ्यात, दस्ता तिसऱ्यात असा सल्ला देतात. कायद्याच्या व्याख्येत सुटे भागसुद्धा शस्त्रच आहेत, त्यामुळे एका भानगडीच्या तीन होतात. (४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली एअर रायफल वेगळी. तिला परवाना लागत नाही, त्यामुळे हे सगळं तिला लागू नाही.)

तेव्हा रायफल माणसाबरोबरच जाते. ठाणे ते दिंडोरी प्रत्येक किलोमीटरला ती कोणाच्या तरी परवान्यावर असली पाहिजे, आणि तो परवाना त्या किलोमीटरवर चालत असला पाहिजे. पुढचा सगळा खटाटोप एवढ्यासाठीच.

परवान्यावर कार्यक्षेत्राचा रकाना असतो. तिथे ‘संपूर्ण महाराष्ट्र’ असेल तर विकणारा स्वतः रायफल घेऊन दिंडोरीपर्यंत जाऊ शकतो. नुसता ‘ठाणे जिल्हा’ असेल तर कसारा घाट चढताना त्याचा परवाना संपतो. मग तीन वाटा उरतात: कार्यक्षेत्र वाढवून घेणं, वाहतुकीचा वेगळा परवाना काढणं, किंवा घेणाऱ्याचा परवाना राज्यभराचा असेल तर त्यालाच ठाण्याला बोलावून व्यवहार इथे पुरा करणं. तिसरी वाट सगळ्यात स्वस्त. राज्याबाहेरचा व्यवहार असेल तर दोन्हीकडच्या परवानाधारक शस्त्र विक्रेत्यांना मध्ये घ्यावं. त्यांचे पैसे जातात, पण वाहतुकीची कागदपत्रं ते रोजच करतात.

घरोघरी होणारी चूक भाच्याची. ‘भाचा नाशिकला चाललाच आहे, त्याच्याकडे चिठ्ठी देतो.’ परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसऱ्याने शस्त्र नेण्याची सवलत कलम ३ मध्ये खरोखर आहे, पण ती दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा स्वतः परवानाधारकाच्या वापरासाठी. त्या यादीत विक्री नाही. चिठ्ठी कितीही नीट लिहिली तरी पडघ्याच्या नाक्यावर भाचा विनापरवाना शस्त्र बाळगणारा ठरतो, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षांची शिक्षा आहे.

आता कागद. खाजगी माणसाला स्वतःचं शस्त्र विकायला विक्रेत्याचा परवाना लागत नाही. कलम ५(२) तशी मुभा देतं. त्यासाठी अटी दोन. जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी कळवायचं, आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. दिवस मोजायचे ते पत्रावरच्या तारखेपासून नाही, आवकच्या शिक्क्यापासून. १ मार्चचा शिक्का असेल तर १५ एप्रिलला ४५ दिवस भरतात, म्हणून रायफल १६ च्या आधी हलवू नये. ४५ दिवस गप्प बसलं की झालं, असं कायद्याचं वाक्य वाचून वाटतं. पण परवाना शाखेची लेखी मंजुरी नसेल तर घेणाऱ्याच्या परवान्यावर नोंद होताना अडतं, तेव्हा ती मागून घ्यावीच. न कळवता किंवा ४५ दिवस भरायच्या आत विकलं तर कलम २५(३) खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही आहे.

कळवण्याचा आणि मंजुरीचा हा अर्ज कोणाकडे करायचा यात ठाणे-नवी मुंबईकरांचा हमखास गोंधळ होतो, कारण इथे महसुली जिल्हा आणि पोलिसांची हद्द जुळत नाही. ठाणे, भिवंडी, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर यांची परवाना शाखा ठाणे पोलीस आयुक्तालयात. वाशी, ऐरोली ठाणे जिल्ह्यात आहेत, तरी फाईल जाते सीबीडी बेलापूरला, नवी मुंबई आयुक्तालयात. पनवेल रायगड जिल्ह्यात, पण तेही बेलापूरलाच. मीरा-भाईंदरचं २०२० पासून वसई-विरारबरोबर वेगळं आयुक्तालय आहे. शहापूर, मुरबाड ठाणे ग्रामीणमध्ये, म्हणून तिथला अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात. घेणारा दिंडोरीचा, म्हणजे त्याची फाईल नाशिकच्या जिल्हाधिकारी कार्यालयात. तो नाशिक शहरातला असता तर पोलीस आयुक्तांकडे गेली असती. चुकीच्या दारात दिलेला अर्ज ‘योग्य कार्यालयाकडे वर्ग’ होतो आणि त्या वर्ग होण्यात महिना जातो.

अर्जाला जोडायचं: स्वतःच्या परवान्याच्या सगळ्या पानांची प्रत (कोरी पानंसुद्धा), यूआयएन नंबर (परवान्याचा देशपातळीवरच्या नोंदीतला क्रमांक), रायफल खरेदीची जुनी पावती, घेणाऱ्याच्या परवान्याची प्रत, दोघांची ओळखपत्रं, विक्रीचं कारण दोन ओळींत. प्रत्येकाच्या तीन प्रती, आणि चौथी आपल्यासाठी, पोच घेऊन. घेणाऱ्याच्या परवान्यात तीन गोष्टी आपणच बघाव्यात: हाच बोअर मंजूर आहे का, शस्त्र खरेदीची मुदत शिल्लक आहे का, आणि त्याच्याकडे आधीच दोन शस्त्रं नाहीत ना. २०१९ पासून सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. तिसरं त्याच्या नावावर चढणार नाही, आणि हे ४४ व्या दिवशी कळलं की डोक्याला हात लावायची वेळ येते.

सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नंबरावरून. जुन्या रायफलीवरचा कोरीव नंबर तेलाने आणि मळाने भरलेला असतो. शून्य आणि ओ, एक आणि आय, तीन आणि आठ यांची अदलाबदल होते, आणि वीस वर्षांपूर्वी एखाद्या कारकुनाने केलेली चूक प्रत्येक नूतनीकरणात तशीच पुढे उतरत जाते. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नंबराची जागा सुक्या फडक्याने पुसावी, त्यावर शाळेतला पांढरा खडू आडवा घासावा आणि वरचा खडू बोटाने झटकावा. आकड्यांच्या खाचांत खडू राहतो आणि नंबर छापल्यासारखा दिसतो. तिरक्या उजेडात त्याचा फोटो काढून परवान्याशी एकेक अक्षर ताडून पाहावं. फरक दिसला तर आधी दुरुस्तीचा अर्ज, मग विक्रीचा. बोल्टवर नंबर असेल तर तोही बघावा. बोल्ट त्या त्या रायफलीला बसवलेला असतो, दुसऱ्याचा घातला तर काडतुसामागचं अंतर बिघडतं आणि ते धोक्याचं आहे. उत्पादकाचं नाव किंवा नंबरच नसलेलं शस्त्र विकणं कलम ८ खाली गुन्हा आहे.

निघायच्या आदल्या दिवशी दोन फोन. पहिला ठाणे पोलिसांना, दुसरा नाशिक पोलिसांना: जमावबंदी किंवा शस्त्रबंदीचा आदेश चालू आहे का? महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खालचे असे आदेश सणावारांना, मोर्चांच्या दिवसांत निघतच असतात. निवडणुकीची आचारसंहिता लागली असेल तर बेतच रद्द करावा. त्या काळात परवान्यावरची शस्त्रं जमा करून घेण्याच्या नोटिसा निघतात, आणि नाक्यानाक्यावर गाड्या उघडतात.

बांधाबांध अशी. नळीचं तोंड सुरक्षित दिशेला, बोट घोड्यापासून लांब. आधी मॅगझीन काढायचं, मग बोल्ट मागे ओढायचा. हा क्रम उलटा झाला तर बोल्ट पुढे ढकलताना मॅगझीनमधलं पुढचं काडतूस पुन्हा आत जातं. अपघाताला कारण होणारी आणखी एक चूक: मॅगझीन काढलं, म्हणजे रिकामी झाली असं समजणं. आत डोळ्याने बघायचं, करंगळी घालून चाचपायचं, मग बोल्ट पूर्ण काढून मागून नळीत टॉर्च मारायचा. पलीकडे उजेडाचं गोल वर्तुळ दिसलं पाहिजे. बोल्ट कापडी पिशवीत वेगळा. नळीत तेलाचं एकच हलकं बोट, बाहेरून पुसट. पेटी टणक, दोन कुलपांची, आतली लांबी रायफलीपेक्षा चार-पाच बोटं जास्त, दुर्बीण असेल तर तिच्याखाली फोमचा वेगळा आधार. दिवस पावसाळ्याचे असतील तर सिलिका जेलच्या दोन पुड्या टाकाव्यात आणि पोचल्यावर त्याच दिवशी रायफल बाहेर काढावी. फोम ओल धरतो, आणि ठाण्याच्या दमट हवेत आठवड्याभरात नळीवर लाल ठिपके उमटतात.

काडतुसं या पेटीत नकोत. उरलेली असतील तर ४५ दिवसांच्या पत्रातच त्यांची संख्या लिहावी, नाहीतर ती परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. डझनभर जुन्या काडतुसांसाठी वेगळा हिशेब सांभाळण्यापेक्षा जमा केलेली बरी.

रस्ता सोपा. सकाळी सहाला माजिवडा सोडलं तर भिवंडी बायपासचे ट्रक जागे व्हायच्या आत पडघा येतं. जून २०२५ पासून आमणे ते इगतपुरी समृद्धी महामार्गही खुला आहे. घाट टळतो आणि थांबेही कमी होतात, शस्त्र बरोबर असताना हे सोयीचं. पेटी डिकीत, पूर्ण झाकलेली. बोल्टची पिशवी तिच्यापासून लांब. कागदांची फाईल मात्र पुढे, हाताशी: मूळ परवाना (मोबाईलमधला फोटो चालत नाही), आवकचा शिक्का असलेली पोच, मंजुरीचं पत्र, घेणाऱ्याच्या परवान्याची प्रत. कलम १९ खाली कोणताही पोलीस अधिकारी परवाना बघायला मागू शकतो. नाकाबंदीत काच खाली करून आधी तोंडाने सांगावं, ‘साहेब, परवान्याची रायफल आहे, डिकीत, रिकामी आहे,’ आणि त्यांनी सांगेपर्यंत डिकीला हात लावू नये. शहापूरला मिसळ खायला उतरायचं असेल तर परवानाधारकाने गाडीतच बसावं, बाकीच्यांनी त्याला पार्सल आणावं. ड्रायव्हरच्या भरवशावर पेटी सोडणं म्हणजे पुन्हा भाच्याचीच गोष्ट.

हस्तांतर घरी, बागेत, चहाच्या टपरीवर नको. घेणाऱ्याच्या पोलीस ठाण्यात किंवा त्याच्या बाजूच्या परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात करावं. तिथे खडूने नंबर पुन्हा उजळून दोघांनी वाचावा, बोअर, उत्पादक, नंबर, तारीख आणि वेळ लिहिलेल्या पावतीवर दोघांच्या आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. पैसे बँकेतून. घेणाऱ्याने शस्त्राची तपासणी आणि परवान्यावरची नोंद लगेच मार्गी लावावी.

विकणाऱ्याचं काम अजून संपलेलं नसतं. ठाण्याला परतल्यावर पावतीची प्रत देऊन स्वतःच्या परवान्यातून आणि ऑनलाइन नोंदीतून ‘शस्त्र कमी’ करून घ्यायचं असतं. ते राहिलं तर पुढच्या नूतनीकरणाला ‘शस्त्र तपासणीसाठी हजर करा’ अशी नोटीस येते, आणि रायफल तर दिंडोरीत. परतीच्या प्रवासात पेटी रिकामी असली तरी पावती तिच्या झाकणातच ठेवावी. रायफलीच्या आकाराचा खळगा असलेली रिकामी पेटी घोटीच्या टोलवर उघडली, की भरलेल्या पेटीपेक्षा जास्त प्रश्न विचारले जातात.