केबीसीवरून गावी परत आल्यावर

मी अमरावती जिल्ह्याच्या दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात अंगणवाडी सेविका आहे. 2019 साली ‘कौन बनेगा करोडपती’च्या अकराव्या पर्वात हॉट सीटवर बसले आणि 6,40,000 रुपयांवर खेळ सोडला. तिथपर्यंत कशी पोचले हे सगळेच विचारतात. टीव्हीवरच्या प्रश्नांची मोबाइलवरून उत्तरं, मग फोन, मग ऑडिशन, मग मुंबई. परत आल्यावर काय झालं ते मात्र फारसं कोणी विचारत नाही, म्हणून ते लिहिते आहे.

साडेबारा लाखांचा प्रश्न होता, राज्यघटनेची मूळ इंग्रजी प्रत हाताने कोणी लिहिली. नंदलाल बोस आणि प्रेमबिहारी नारायण रायजादा या दोन नावांत मी अडकले. चुकले असते तर 3,20,000 वर आले असते, म्हणून थांबले. चित्रं बोसांची आणि अक्षर रायजादांचं, हे आता झोपेतही सांगेन. घटना समितीत बसलेले पंजाबराव देशमुख आमच्या जिल्ह्याचे, आणि घटना लिहिणारा हात मला ऐनवेळी आठवू नये, हे अजून टोचतं.

शूटिंग झाल्यावर प्रक्षेपण होईपर्यंत रक्कम कोणाला सांगायची नव्हती. सोबत आमचे हे आले होते, तेवढे आम्ही दोघंच जाणत होतो. सासूबाई रोज भाकरी थापताना माझ्याकडे निरखून पाहायच्या. "तुया तोंडावरून काहीच समजत नाई वो," म्हणायच्या. त्याच सप्टेंबरात आमच्या शेजारच्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे एक कोटी जिंकल्या. शाळेत पोरांसाठी खिचडी शिजवणारी बाई कोट्यधीश झाली, साऱ्या जिल्ह्याला अभिमान वाटला, मलाही वाटला. पण त्या दिवसापासून गावाने ठरवून टाकलं की आपली अंगणवाडीची बाईही कोटीच आणणार. प्रक्षेपणाच्या रात्री पारावर टीव्ही लावला होता. मी खेळ सोडते म्हणाले तेव्हा टाळ्याही वाजल्या आणि एक मोठा ‘अरेरे’ही ऐकू आला.

नेमका तोच काळ वाईट होता. दिवाळीच्या आगेमागे पाऊस उघडेचना. आमच्या वावरातलं सोयाबीन कापून पडलं होतं. एका सकाळी ढीग उसवला तर आतून वाफ आली. शेंगा काळ्या पडल्या होत्या आणि त्यातून बोटाच्या पेराएवढे पांढरे कोंब बाहेर आले होते. कापसाची बोंडं झाडावरच सडली. घराघरांत हीच गत होती. नोव्हेंबरात खरीप पिकांसाठी हेक्टरी 8,000 रुपयांची मदत जाहीर झाली, तीही दोन हेक्टरांपर्यंतच. अशा दिवसांत गावात एकाच घरी पैसे येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

माझ्या खात्यात आले ते 4,48,000. बक्षिसावर सरसकट 30 टक्के कर, म्हणजे 1,92,000, देणाऱ्यांनीच कापून घेतला होता. हे मला आधी माहीत होतं, पण गावाला कसं पटवायचं? चुलत दीर घरी आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, टीव्हीवर तर सहा चाळीस दाखवले. बाकीचे कुठी ठेवले?" त्यांना एक लाख हवे होते. मी वीस हजार दिले. त्यानंतर दोन वर्षं ते आमच्याकडे सणालाही आले नाहीत. मला त्यांचा राग येत नाही. त्यांचं चार एकरांतलं सोयाबीन मी डोळ्यांनी पाहिलं होतं.

मागायला आलेल्या प्रत्येकाला नाही म्हणणं मला जमलं नाही, आणि प्रत्येकाला हो म्हणणं शक्य नव्हतं. शेवटी आम्ही नवराबायकोने एका रात्री वही घेऊन हिशेब मांडला. दोन लाख पोरीच्या शिक्षणासाठी मुदत ठेवीत. सोसायटीचं थकीत पीककर्ज भरायचं. साठ हजार गावासाठी बाजूला, त्यात कोणाला पाच, कोणाला दहा. परत आले तर ठीक. सोसायटीत पैसे भरले आणि पुढच्याच महिन्यात दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी जाहीर झाली. त्या दिवशी आमचे हे जेवले नाहीत.

कराचं प्रकरण तिथे संपलं नव्हतं. ज्यांना असं बक्षीस मिळालंय त्यांनी हे नीट वाचावं. या उत्पन्नाला नेहमीची करमुक्त मर्यादा लागू होत नाही. विमा, पीपीएफ दाखवून सूट मिळत नाही, मुंबईला जायचा-यायचा खर्च वजा होत नाही. शिवाय 30 टक्क्यांवर 4 टक्के उपकर लागतो, तो बक्षीस देणारे कापत नाहीत, तो आपण भरायचा असतो. माझा 7,680 रुपये निघाला. तो चलान 280 ने भरला आणि विवरणपत्र आयटीआर-2 फॉर्मवर भरलं, कारण साधा आयटीआर-1 अशा उत्पन्नाला चालत नाही. कोरोनामुळे त्या वर्षी मुदत 10 जानेवारी 2021 पर्यंत गेली होती, म्हणून धावपळ झाली नाही. अमरावतीच्या कर सल्लागारांनी मला फॉर्म 16-ए ची, म्हणजे कर कापल्याच्या दाखल्याची, छापील प्रत दिली आणि म्हणाले, "ताई, हा कागद जपून ठेवा." त्याचा उपयोग मला त्याआधीच कळून चुकला होता. त्यांच्याकडे जायच्या कितीतरी आधी, मोबाइलवर आलेला तोच कागद मी एका माणसाला दाखवला होता, तोही उशिरा.

ते आमच्या गल्लीतले काकाजी. 2020 च्या जानेवारीत एका दुपारी अंगणवाडीत पोरं जेवत असताना आले. चप्पल बाहेर काढून दारातच उभे राहिले. चेहरा इतका उजळलेला की मला वाटलं नातू झाला. "बाई, तुले भेटले तसे मले बी लागले वो. पंचवीस लाख!" आणि मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर अमिताभ बच्चन यांचा फोटो, केबीसीचं चिन्ह, लॉटरी नंबर आणि एका ‘मॅनेजर’चा आवाज. नंबर +92 ने सुरू होणारा, म्हणजे पाकिस्तानचा.

माझ्या पोटात गोळा आला. "काकाजी, पैसे भरले का?" विचारलं. भरले होते, 12,200 रुपये, ‘प्रोसेसिंग फी’ म्हणून. आता ‘जीएसटी’चे 25,000 मागत होते आणि ते माझ्याकडे उसने मागायला आले होते. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 5,550 होता. म्हणजे दोन क्विंटलांहून जास्त कापूस गेला होता, तोही पावसातून वाचलेला.

मी म्हटलं, हे खोटं आहे. ते ऐकेनात. "तू गेली तवा खरं, अन् मले लागले तं खोटं काहून?" या प्रश्नावर मी गप्प झाले. एरवी ज्या मेसेजकडे त्यांनी पाहिलंही नसतं, त्यावर त्यांनी विश्वास ठेवला होता तो माझ्यामुळे. आपल्या गल्लीतल्या बाईला मिळालेले त्यांनी पाहिले होते ना.

मग मी मोबाइलवर 16-ए उघडला आणि बाजूला कागदावर मोठ्या अंकांत लिहिलं. बक्षीस 6,40,000. कापले 1,92,000. दिले 4,48,000. "काकाजी, माझ्याकडून कोणी एक रुपयाही आधी भरून घेतला नाही. कर त्यांनी बक्षिसातूनच कापला. अन् केबीसीची लॉटरी नसतेच, तिथे जाऊन उत्तरं द्यावी लागतात." ते बराच वेळ आकडे पाहत राहिले. पोरं ताटं घेऊन हात धुवायला निघून गेली. मग त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि हळूच म्हणाले, "म्हातारीले सांगू नको."

आम्ही पोलिसांत तक्रार दिली. पैसे परत आले नाहीत. आता 1930 हा क्रमांक आहे, फसवणूक झाल्याबरोबर फोन केला तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते. तेव्हा तो नव्हता. अंगणवाडीच्या भिंतीवर, लसीकरणाच्या तक्त्याशेजारी, मी तो क्रमांक रंगवून घेतला आहे.

16-ए आता प्लास्टिकच्या पिशवीत, पोरांच्या वजनाच्या रजिस्टरात असतो. गेल्या चार-पाच वर्षांत तो मी बऱ्याच जणांना दाखवला. गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या गावची एक बाई मोबाइल घेऊन आली, तोच फोटो, तेच पंचवीस लाख. तिला घेऊन काकाजी स्वतः आले होते. मी कागद काढायच्या आत त्यांनीच रजिस्टर उघडलं, पिशवी बाहेर काढली आणि तिच्यासमोर धरून 1,92,000 वर बोट ठेवलं.