अ‍ॅडनीचा डेटा मिळवताना

पीएच.डी.ला मेंदूच्या स्कॅनवरून कॉम्प्युटरने अल्झायमर ओळखण्याचा विषय घेतला तेव्हा गाइड सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "स्कॅन कुठून आणणार?" मी परभणीत कॉम्प्युटर शिकवते. इथे एमआरआय होतात, पण एकाच माणसाचे वर्षानुवर्षांचे स्कॅन कोण जपून ठेवतो?

सरांनीच मग अ‍ॅडनी, म्हणजे 'अल्झायमर्स डिसीज न्यूरोइमेजिंग इनिशिएटिव्ह', सुचवलं. डॉ. मायकेल वायनर यांच्या नेतृत्वाखाली २००४ मध्ये सुरू झालेला प्रकल्प. अमेरिका-कॅनडातली कितीतरी केंद्रं ठरलेल्या एकाच पद्धतीने एमआरआय आणि पेट स्कॅन काढतात, स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतात. पैसा सरकारचा आणि औषध कंपन्यांचाही. तरी डेटा संशोधकांना फुकट! शेजारच्या विभागातली फाइल मिळवायला स्मरणपत्रं लिहिणाऱ्या मला हे खरंच वाटेना.

फॉर्म सोपा होता: संस्था कोणती, डेटा कशाला हवा. वेळ गेला तो करारनामा वाचण्यात. डेटा दुसऱ्याला द्यायचा नाही, दरवर्षी कामाचा हिशोब द्यायचा, सहभागी कोण हे शोधायचं नाही. ही शेवटची अट मला उगाच वाटली होती. मंजुरी आली, पहिला स्कॅन थ्रीडीत उघडला आणि स्क्रीनवर चक्क एक चेहरा आला. नाक, कान, हनुवटी, सगळं ओळखू येईल असं. नाव काढलं तरी माणूस उरतोच.

डाउनलोडचं काय सांगू! लाइट गेली की नेट गेलं, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी कॉलेजच्या लॅबमधून रात्री लावून ठेवायला लागले.

खरी मेहनत पुढे. आठवणी साठवण्यात मोठा वाटा असलेला हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग या आजारात लवकर आक्रसतो. एकाच व्यक्तीचे दोन वर्षांच्या अंतराने काढलेले स्कॅन शेजारी ठेवले, तर त्याच्या कडेची काळी पोकळी रुंदावलेली दिसते. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की कॉम्प्युटर हा आजार नव्व्याण्णव टक्के अचूक ओळखतो असे दावे करणारे पेपर जरा संशयानेच वाचले जातात. त्यातल्या काहींत एकाच माणसाचे स्कॅन कॉम्प्युटरला शिकवण्यातही असतात आणि नंतर त्याच्या परीक्षेतही. म्हणजे पेपर आधीच फुटलेला! मी माणसांप्रमाणे वाटणी केली, एका माणसाचे सगळे स्कॅन एकाच बाजूला. अचूकतेचा आकडा बराच खाली आला. सर म्हणाले, "हाच छापायचा."

सहामाही सादरीकरणात एका मॅडमनी विचारलं, "हे आपल्या सेलूच्या, जिंतूरच्या म्हातारीला लागू पडेल का?" अ‍ॅडनीतले बहुतेक लोक गोरे आणि शिकलेले. स्मरणशक्तीच्या चाचणीत शाळा न पाहिलेल्या बाईला तारीख विचारून काय कळणार? तिला बाजाराचा वार पक्का ठाऊक असतो. हरियाणातल्या बल्लभगडला निरक्षर वृद्धांसाठी हिंदीत वेगळी चाचणी केली गेली, ती याच अडचणीपायी. हा मुद्दा मी पेपरच्या मर्यादांमध्ये घातला. छापायला देण्याआधी मसुदा अ‍ॅडनीला दाखवावा लागतो. तो सध्या त्यांच्याकडे आहे.