हीटर गार, काटा तळाला: आमच्या गाडीतला हरवलेला थर्मोस्टॅट

जुनी डिझेल गाडी घेतली ती उन्हाळ्यात, त्यामुळे हीटर कुणी लावूनच बघितला नव्हता. डिसेंबरात आईला तपासणीसाठी पहाटे कोल्हापूरहून बेळगावला न्यायला लागलो तेव्हा त्रास कळला. कागल मागं पडलं तरी हीटरमधून गारच वारं. काचेवर आतून वाफ धरलेली, आई शाल गुंडाळून बसलेली, आणि तापमानाचा काटा तळाला. निपाणीत गर्दीत अडकलो की काटा जरा वर यायचा. पुन्हा हायवेला लागलो की खाली.

डिझेल इंजिन उशिरा तापतं, हे खरं. इंधनातली उष्णता त्यात पेट्रोलच्या मानानं कमी वाया जाते आणि हीटर चालतो तो नेमका त्या वाया जाणाऱ्या उष्णतेवर. इंजिनात तापलेलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्यातून फिरणारं द्रव, डॅशबोर्डमागच्या छोट्या जाळीत येतं, ब्लोअर तिच्यातून हवा फेकतो. पण हा उशीर काही मिनिटांचा असतो, कागल ओलांडेपर्यंतचा नव्हे.

एका गॅरेजात सांगितलं, ‘आपल्याकडं हीटर कशाला लागतोय?’ दुसरीकडं निदान झालं की हीटरची जाळी चोंदली आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल. मला ते पटेना. नुसती जाळी चोंदली असती तर हवा गार आली असती, पण इंजिन तर नेहमीसारखं तापलं असतं. काटा का पडतोय?

शेवटी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. गाडी रात्रभर तिथंच ठेवायला लावली. सकाळी थंड इंजिनावर आधी कूलंटची पातळी बघितली. ती बरोबर होती. मग गाडी चालू करून त्यांनी माझा हात रेडिएटरच्या वरच्या पाइपवर ठेवला. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप. ती ठीक असेल तर हा पाइप बराच वेळ गार राहतो आणि इंजिन तापल्यावर एकदम गरम होतो. आमचा पाइप सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला. म्हणजे कूलंट पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमध्ये जाऊन थंड होत होतं, आणि हायवेच्या वाऱ्यात तर आणखीच.

थर्मोस्टॅट जिथं बसतो ते झाकण उघडलं, तर आत थर्मोस्टॅटच नव्हता! आधी कुणीतरी काढून टाकला होता. ‘गाडी गरम होते’ म्हटलं की तो काढायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. मला ती मनापासून चुकीची वाटते. थंड इंजिन जास्त डिझेल पितं, ऑइलमध्ये साचलेला ओलावा उडून जात नाही, झीज वाढते. थंडी कमी असली तरी इंजिनाला आपलं तापमान गाठावंच लागतं.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी मिस्त्रींनी तो पातेल्यातल्या पाण्यात सोडला. त्यावर 82 कोरलेलं होतं, म्हणजे 82 अंश सेल्सियसला उघडायला लागणारा. पाणी नुसतं गरम असताना तो घट्ट मिटलेला. उकळी धरायच्या आधी आतलं मेण फुगलं आणि झडप सरकून उघडली. मग तो बसवला, नवीन कूलंट भरलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून रेडिएटरचा पंखा लागेपर्यंत इंजिन चालवलं आणि अडकलेली हवा काढली.

आता कोल्हापूरबाहेर पडताच उजळाईवाडीच्या आसपास काटा हलायला लागतो. तोपर्यंत मी ब्लोअर बंदच ठेवतो, नाहीतर जेमतेम आलेली ऊब तोच ओढून घेतो. जागेवर उभं राहून इंजिन तापवत बसत नाही. लगेच निघतो, पण हळू चालवतो. काचेवर वाफ धरलीच तर हीटरबरोबर एसी लावतो, त्यानं हवा कोरडी होते.

एक शंका मात्र उरली होती. थर्मोस्टॅट काढला होता, म्हणजे कधीतरी ही गाडी खरंच गरम होत असणार. मिस्त्रींनी रेडिएटर बघितला, तर पुढच्या पात्यांत चिखल आणि पाचोळा घट्ट बसलेला. तो पाण्यानं धुवून काढला. मग एका दुपारी गगनबावड्याला जाऊन करूळ घाट उतरलो आणि एसी लावून पुन्हा चढलो. काटा मध्यावरून हलला नाही.