जुन्या गोव्याच्या मठातले वीरगळ

जुन्या गोव्यात उतरलेली बहुतेक मंडळी आधी बॉम जिझस बासिलिकेत शिरतात, समोरच्या से कॅथेड्रलला एक चक्कर मारतात आणि शहाळं पिऊन परतीला लागतात. कॅथेड्रलला लागूनच सेंट फ्रान्सिस असिसीचं चर्च आहे आणि त्याला जोडून फ्रान्सिस्कन साधूंचा मठ. त्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व सर्वेक्षणाचं संग्रहालय आहे. मी मुद्दाम तिथूनच सुरुवात केली.

चर्चची आताची वास्तू १६६१ची, पण काळ्या दगडातला नक्षीदार दरवाजा आधीच्या चर्चचा, तसाच ठेवलेला. तो जरा थांबून बघाच.

संग्रहालयात शिरताच आफोन्सो द आल्बुकेर्कचा भलाथोरला कांस्य पुतळा. या पोर्तुगीज सेनानीनेच १५१० मध्ये आदिलशाहीकडून गोवा घेतला. एकेकाळी बाहेर चौकात मिरवणारा पोर्तुगीज कवी कामोंइशचा पुतळा आता इथेच आत आहे. मुक्तीनंतर पुतळ्यांनाही घर बदलावं लागतं!

माझे पाय अडकले ते वीरगळांपाशी, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणशिळांपाशी. हे पोर्तुगीजांच्या आधी गोव्यावर राज्य केलेल्या कदंब घराण्याच्या काळातले. एकावर चक्क जहाज कोरलंय. वल्ह्यांची तिरकी रांग, वर शस्त्रं उगारलेली माणसं. एरवी वीरगळ म्हटलं की घोडा, ढाल, गाईंसाठीची झुंज; इथे लढाई पाण्यावरची. गोव्याच्या कदंबांचं आरमार होतं, हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि दगडातली वल्ही मोजत बसणं वेगळं. बोरिवलीजवळ एकसरला असेच आरमारी वीरगळ आहेत. ते पाहिले असतील तर इथे ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटेल.

वरच्या मजल्यावर व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची तैलचित्रं, ओळीने. ही परंपरा पोर्तुगीज गव्हर्नर जुआंव द कास्त्रोने १५४७ मध्ये सुरू केली, आणि रंगवायला माणूस घेतला तो इथलाच. दाढ्या, चिलखतं, घराण्यांची मानचिन्हं... दहा-बारा चित्रांनंतर सगळे साहेब एकमेकांचे चुलतभाऊ वाटू लागतात. गंमत अशी की गोव्याच्या दमट हवेत रंग उडत गेले आणि ही चित्रं पुन्हा पुन्हा रंगवली गेली. म्हणजे खाली नाव पक्कं, पण चेहरा त्याच माणसाचा उरलाय का, कोण सांगणार? खालच्या मजल्यावरच्या त्या वल्हेकऱ्यांना नावं नाहीत, पण त्यांच्यावर नंतर कुणी हात फिरवलेला नाही.

शुक्रवारी संग्रहालय बंद असतं. वेळ कमी असेल तर साहेबांना कात्री लावा, वीरगळांना नको.